तक्रार मिटली, मावशी समाधानी

३ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझ्याच खुर्चीत बसून लिहितेय. पाठीमागे तू शिवलेली उशी आहे तशीच आहे आणि डावा हात टेकवला की खुर्ची अजूनही कुरकुरत एका बाजूला कलते. तू निवृत्त झाल्यावर या ग्राहक विभागात दोघी येऊन गेल्या, टिकल्या नाहीत, आणि मग माझी वर्णी लागली. तू शब्द टाकला नसतास तर लागली नसती, हे तू कितीही नाकारलंस तरी मला ठाऊक आहे. अजून कायम झालेले नाही. माझ्याकडे अजून भाड्याने घेतलेल्या घरासारखं बघतात.

आधी घरचं सांगते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ३० तारखेला ठरलंय. "मी काही घाबरत नाही" असं दिवसभर सांगत असते आणि मधूनच विचारते, "ताई येणार ना?" तेव्हा तू ये. सबबी सांगू नकोस, तुझ्या सबबी तिला पाठ आहेत.

आता ऑफिसचं. एका इमारतीच्या लोकांनी थेट मुख्य कार्यालयाला लिहिलं की आमची लिफ्ट बंद आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतं तक्रार मिटली, ग्राहक समाधानी. मुख्य कार्यालयाने साहेबांना झापलं, साहेबांनी मला. ग्राहकांच्या नोंदी कोण बदलतं ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी सॉफ्टवेअरमध्येच एक वर्कफ्लो बांधलाय, म्हणजे आपोआप चालणारा पहारेकरीच समज. कुणी नोंदीत काहीही बदललं की तो लगेच टिपून ठेवतो: आधी काय होतं, आता काय केलं, कोणाच्या लॉगिनने, केव्हा. १५ तारखेपासून दर सोमवारी त्याचा गोषवारा साहेबांकडे आणि मुख्य कार्यालयाकडे आपोआप जाणार, मध्ये कोणाचा हात लागत नाही. साहेब ऐकून इतके खूश झाले की टेबलावर थाप मारून म्हणाले, "शंभर टक्के पारदर्शक!" तू त्यांना शंभरटक्के का म्हणायचीस ते मला आता कळलं.

तुझी ठकू


८ जानेवारी

ठकूस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा,

धपाटा अशासाठी की नोकरी लागल्यापासून मावशी जिवंत आहे का, हे विचारायलाही तुला सवड झाली नाही. फोन का केला नाहीस, असं मात्र विचारणार नाही. फोनवर मी तापते, कागदावर जरा निवते, तेव्हा हेच बरं आहे.

तुझ्या आईने घाबरण्याचा मक्ता लहानपणापासून घेतला आहे. अंगणातल्या कोंबडीला घाबरून ती माझ्या खांद्यावर चढायची आणि वरून कोंबडीला दटावायची. तिला सांग, ताई येणार. फक्त आमच्या इमारतीची लिफ्ट सध्या रुसून बसली आहे, आणि माझे गुडघे नि सहावा मजला यांचं आपसात पटत नाही. काळजी करू नकोस. खाली शिंपीदादांचं दुकान आहे. मी गॅलरीतून दोरीने टोपली सोडते, ते त्यात भाजी, पाव आणि तुझं पत्र घालतात. हेही पत्र टोपलीतूनच उतरेल. मी मजेत आहे. लिफ्ट आपल्याच कंपनीची, तक्रार नोंदवली आहे, आजउद्या मिस्त्री येईलच.

शंभरटक्के अजून तसेच आहेत म्हणायचे. माझ्या निरोपाच्या दिवशी त्यांनी मला कंपनीचा कणा म्हटलं, टाळ्या घेतल्या आणि गुच्छ माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिला. तिनेही तो घेतला.

एक विचारते. तुझा तो पहारेकरी फक्त तक्रार मिटवणाऱ्याला पकडतो, की मिटलेली तक्रार पुन्हा उघडणाऱ्यालाही? सहज विचारते आहे. माझा काही संबंध नाही.

तुझी मावशी


१५ जानेवारी

मावशी,

आज पहिला गोषवारा आला. शंभरटक्क्यांनी सगळ्यांना गोळा करून तो भिंतीवरच्या पडद्यावर दाखवला. चोर पकडला जाणार म्हणून हिशेबनिसापासून शिपायापर्यंत सगळे पुढे सरकून बसले होते. पडद्यावर पहिलं नाव आलं ते तुझं.

मावशी, कंपनीत सगळ्यांत जास्त काम तू करतेस. जेवायला उठत नाहीस, रविवारी सुटी घेत नाहीस. तू तक्रार मिटवतेस, मग तीच उघडतेस, मग पुन्हा मिटवतेस. हिशेबनीस म्हणाला, "बाई स्वतःशीच भांडतायत." सगळे पोट धरून हसले. मीही हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. मग साहेबांनी आपण दोघी नात्यातल्या ना, असं विचारलं आणि सगळे पडद्याकडून माझ्याकडे वळले.

तू तुझा पासवर्ड कोणाला दिला होतास का? आठवून सांग.

आणि आता मनातलं बोलते, राग मानलास तरी चालेल. मी तुझ्या इमारतीची नोंद उघडून पाहिली. लिफ्ट चालू. तक्रार मिटली. ग्राहक समाधानी. बाकीच्यांच्या नोंदी कोणी खोडसाळपणाने बदलल्या असतील, पण तुझी तक्रार मिटवणाऱ्याच्या जागीही तुझंच नाव आहे. तुझ्या घरची तक्रार तुझ्याशिवाय कोण कशाला मिटवेल? म्हणजे लिफ्ट चालू झाली आणि तू कळवलं नाहीस, किंवा ती बंदच नव्हती. यायचं नसेल तर सरळ तसं लिही. आईला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. पण टोपलीच्या गोष्टी तिला सांगू नकोस, ती खरं मानते.

ठकू


१८ जानेवारी

ठकू,

या वेळी नुसता धपाटाच आहे, आशीर्वाद नंतर बघू.

तुझ्या पडद्याने सांगितलं लिफ्ट चालू आहे. माझ्या गॅलरीने सांगितलं नाही. मी दारात उभी राहून बटण दाबते, ते लाल होतं आणि लाल होऊन बसतं. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, एवढाच माझा प्रवास चालू आहे. मधल्या आठवड्यात जिना उतरायचा प्रयत्न केला होता. पाचव्या मजल्यावर पायरीवर बसले ती उठताच येईना. शेजारच्या सुनेने आणि तिच्या नवऱ्याने मला खुर्चीत घालून परत वर आणलं. हे तुला लिहिणार नव्हते, कारण माझ्या धाकट्या बहिणीने मला कधी उचललेलं पाहिलेलं नाही. मीच तिला उचलत आले. मी रुसले नाही, अडकले आहे. आणि माझ्या हाताखाली अक्षरं गिरवलेली पोर मला लिहिते की टोपलीच्या गोष्टी सांगू नकोस. फार लागलं मला ते.

आता पासवर्डचं. कोणालाही दिलेला नाही. तो माझ्याकडेच आहे आणि अजून चालतो. हो, मी आत शिरते. सकाळचा चहा घेऊन बसते आणि बघते. जुने ग्राहक अजून माझ्याच घरच्या फोनवर गाऱ्हाणी सांगतात. तुमच्या नव्या क्रमांकावर त्यांना नुसती बासरी ऐकू येते. दवाखान्याची लिफ्ट बंद, पण तक्रार मिटलेली. लेखनिकांच्या वसाहतीची बंद, तक्रार मिटलेली. कोण मिटवतं देव जाणे. मी मुकाट्याने उघडते. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पुन्हा मिटलेली. मी पुन्हा उघडते. मला वाटलं, कुणीतरी आळशी मिस्त्री न जाताच काम झालं म्हणतोय. परवा त्याला फोन करून चांगला फैलावर घेतला. तो बापडा म्हणतो, "बाई, तुमची तक्रार मला दिसते आणि गाडी सुरू करेपर्यंत गायब होते." मी म्हटलं, चष्मा लाव.

उघडणारी मी आहे. मिटवणारी मी नाही. एवढं तरी तुझ्या पहारेकऱ्याला सांग.

मावशी


२२ जानेवारी

मावशी,

पत्र ऑफिसात वाचलं आणि स्वच्छतागृहात जाऊन रडले. माझं चुकलं. पडद्यावर लिहिलेलं दिसलं आणि तुझं लिहिलेलं मी खोटं ठरवलं. आईला काही सांगितलेलं नाही, ती अजून तुझी वाट बघते.

मिटवणारा सापडला. तो माणूसच नाही. कोपऱ्यातला तो संगणकवाला आठवतो, जो कोणाशी बोलत नाही? त्याला कॉफी पाजली तेव्हा बोलला. शंभरटक्क्यांनी तुझ्या शेवटच्या आठवड्यात एक नियम लावून घेतला होता: तक्रार जुनी झाली की आपोआप मिटली म्हणायचं आणि ग्राहक समाधानी लिहायचं. नियम तासातासाला फेरी मारतो. तू जुनी तक्रार उघडलीस की तारीख जुनीच राहते, म्हणून पुढच्या फेरीत तो पुन्हा मिटवतो. तेवढ्यात ती मिस्त्र्याच्या फोनवर चमकून जाते. त्याच्या चष्म्याचा काही दोष नाही.

असे नियम कोणाच्या तरी लॉगिनने चालवावे लागतात, आणि नोंदीत त्याच माणसाचं नाव उमटतं. तुझ्या लॉगिनला सगळी दारं उघडी होती, म्हणून नियम तुझ्या नावाने. तू गेलीस तेव्हा संगणकवाल्याने विचारलं होतं, बाईंचं लॉगिन बंद करू का? बंद केलं असतं तर नियमही बंद पडला असता. साहेब म्हणाले, "राहू दे, बाईंची आठवण म्हणून."

आता जे लिहितेय ते बसून वाच. तू तक्रार उघडतेस, नियम मिटवतो, आणि सॉफ्टवेअर मोजतं की आणखी एक तक्रार यशस्वीपणे मिटली. तू रोज उघडत गेलीस, आकडा रोज फुगत गेला. आमच्या शाखेला यंदा सर्वाधिक समाधानी ग्राहकांची ढाल मिळाली ती त्यामुळेच. ती साहेबांच्या टेबलावर आहे. मावशी, ती ढाल तू मिळवून दिलीस.

साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "नोंदीत नाव कोणाचं आहे? बस, तेवढंच खरं." तुझ्यासाठी एक कागद दिलाय, सोबत पाठवतेय: निवृत्तीनंतर मी कंपनीच्या नोंदींत मनाने ढवळाढवळ केली, सर्व बदल माझे आहेत. तू सही केलीस तर प्रकरण इथेच संपवतील. नाही केलीस तर चौकशी तुझ्यावर आणि माझ्यावरही, नातं आहे म्हणून. मग त्यांनी खणातून मला कायम करण्याचा कागद काढला, नुसता दाखवला आणि परत ठेवला. नियम काढायचा विषय काढला तर म्हणाले, ढाल परत करावी लागेल.

काय करू कळत नाही. ऑपरेशनच्या खर्चाला माझा पगारच आहे हे तुला माहीत आहे.

ठकू


२५ जानेवारी

ठकू,

कागद सही करून सोबत पाठवला आहे.

डोळे पुसून नीट वाच. माझं नाव खराब होऊन होऊन किती होणार? मला कुठे पुन्हा नोकरीला लागायचं आहे? शिंपीदादा मला ओळखतात आणि शेजारची सून मला खुर्चीत घालून उचलते, त्या दोघांना शंभरटक्क्यांचा कागद कोणी दाखवणार नाही. तू मात्र खुर्ची सोडायची नाहीस. तुझ्या आईला तुझ्याशिवाय कोणी नाही.

ढालीचं वाचून आधी हसू आलं, मग आलं नाही. मी दवाखान्याची तक्रार रोज उघडत होते आणि वाटत होतं केवढा उपकार करतेय. आयती ढाल नेऊन दिली मी शंभरटक्क्यांना. आजपासून आत शिरत नाही.

सहीच्या बदल्यात एकच माग. मंगळवारच्या आत आमच्याकडे मिस्त्री पाठवा म्हणावं. मला तुझ्या आईजवळ असायचं आहे. ती कोंबडीला भ्यायची ते मी गमतीत लिहिलं होतं, पण मीही भ्यायचे. तिला खांद्यावर घेतलं की भीती जायची.

मावशी


३१ जानेवारी

मावशी,

ऑपरेशन काल झालं. नीट झालं. डोळ्यावर पट्टी आहे, ती पुढच्या गुरुवारी काढणार. आत नेईपर्यंत आई दाराकडे बघत होती. मी सांगितलं, ताई लिफ्टमध्ये अडकली आहे. म्हणाली, "मग तिला काढा ना कुणीतरी." इतकं सरळ आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं.

तुझा कागद शनिवारी मिळाला. साहेबांना दिला नाही. चार घड्या घालून खुर्चीच्या डाव्या पायाखाली कोंबला. खुर्ची आता डगमगत नाही.

त्याच दुपारी तो नियम उघडला. त्यात एक रकाना आहे: हा नियम कोणाच्या लॉगिनने चालावा. तुझं नाव काढलं आणि शंभरटक्क्यांचं घातलं. बाकी कशाला हात लावला नाही. नाव बदललं की तो सगळ्या जुन्या तक्रारी नव्या नावाने पहिल्यापासून मिटवायला घेतो, तासाला थोड्या थोड्या. कामाच्या वेळात केलं, माझ्या स्वतःच्या लॉगिनने केलं, आणि माझ्याच पहारेकऱ्याने ते माझ्या नावावर टिपलं.

सोमवारचा गोषवारा तू बघायला हवा होतास. शनिवार-रविवार कंबर कसून साहेबांनी तक्रारी मिटवल्या होत्या, तासातासाला, एकट्याने. हिशेबनीस म्हणाला, "साहेब, विश्रांती घेत चला." तोवर मुख्य कार्यालयातल्या बाईंचा फोन आला, सगळ्यांसमोर, स्पीकरवर. त्या कौतुकच करायला लागल्या: इतक्या ग्राहकांशी तुम्ही जातीने बोललात? पहाटेसुद्धा? साहेब हो म्हणायच्या बेतात होते. मग बाई म्हणाल्या, दवाखान्याची लिफ्ट सुरू झाल्याचंही तुमच्याच नावावर आहे, पण मी आत्ता दवाखान्यातून जिन्याने उतरून आले.

साहेब ताडकन उभे राहिले. म्हणाले, "ते मी करत नाही हो! ते तो नियम करतो! नाव कोणाचंही येतं!"

मी विचारलं, "मग मावशीचंही तसंच आलं असेल का, साहेब?"

नियम तासाभरात बंद झाला आणि त्याने मिटवलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडल्या गेल्या. मग नियमातलं नाव कोणी बदललं, हे बाईंनी विचारलं. पहारेकऱ्याने सांगायच्या आधी मीच सांगितलं, मी बदललं. त्या भल्या मोठ्या नोंदीत जिचं नाव तिचंच काम, अशी तेवढीच एक ओळ असेल. परवानगीवाचून बदल केला म्हणून चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलंय. साहेब जागेवर आहेत. मुख्य कार्यालयाने "खरी नोंद" मोहीम सुरू केली आहे, आणि अनुभव पाहता तिचं प्रमुखपद त्यांना दिलंय.

पगाराची काळजी आहे, खोटं कशाला सांगू. पण मी तुला खोटं ठरवलं होतं, ते माझ्या छातीवर बसलं होतं, ते उतरलं.

तुझी ठकू


५ फेब्रुवारी

ठकूस सगळे राहिलेले आशीर्वाद एकदम,

हे पत्र शिंपीदादांच्या कापायच्या टेबलावर लिहिते आहे. म्हणजे मी खाली आहे.

मिस्त्री परवा आला. म्हणाला, सोमवारी एकाएकी फोनवर इतक्या तक्रारी उगवल्या की वाटलं फोन बिघडला. कुठे जाऊ नि कुठे नको झालं त्याला. आधी दवाखान्यात गेला, मग वसाहतीत, मग इकडे. मी चष्म्याबद्दल माफी मागितली. त्याने खिशातून चष्मा काढून दाखवला. माझ्या बोलण्यानंतर खरंच करून घेतला म्हणे, लागत होताच. दिवसभर खपला. संध्याकाळी बटण दाबलं, लाल झालं, आणि दार उघडलं. मी पदर खोचून आत शिरले. खाली आले तर शिंपीदादा टोपली घेऊन सवयीने वर बघत उभे.

तेवढ्यात कंपनीचा संदेश आला. "आपली तक्रार मिटली आहे. आपण समाधानी आहात का?" या वेळी निदान विचारलं तरी. मी "नाही" दाबलं. कारण लिहायला जागा होती, तिथे लिहिलं की लिफ्ट चालते, पण ज्या मुलीमुळे चालते तिला घरी बसवलं आहे, तिला परत बोलवा आणि मग विचारा. तर संदेश आला की आपली तक्रार पुन्हा उघडली आहे आणि ती खरी नोंद मोहिमेच्या प्रमुखांकडे आपोआप पाठवली आहे. दवाखान्याच्या बाईंना आणि वसाहतीतल्या लेखनिकांनाही मी फोनवर सांगितलं आहे, तुम्हाला विचारतील तेव्हा काय दाबायचं ते. जुने ग्राहक आहेत, माझं ऐकतात. तेव्हा शंभरटक्क्यांनी आता एकेक वाचत बसावं.

त्या नियमाने मला इतक्यांदा समाधानी केलं, एकदाही विचारलं नाही. आता समाधानी व्हायचं की नाही ते मी बघीन, आणि तू कायम झाल्याखेरीज होणार नाही.

उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. पिशवीत कपडे कमी आणि औषधं जास्त आहेत, राहायच्या तयारीने येते आहे. आईला सांगू नकोस. गुरुवारी पट्टी काढताना मी समोर बसेन, काय पहिलं दिसतं ते तिचं तिला बघू दे.

सामान आणायला ऑफिसात जाशील तेव्हा माझी उशी घेऊन ये. ती कंपनीची नाही.

तुझी मावशी